दोनदा उमटलेली अक्षरे

लोणावळ्यात चिक्की घेतली किंवा लोकलमधून मळवलीला उतरून चहा घेतला, की हातात सुटे पैसे येतात. आपण ते न पाहताच खिशात टाकतो. आज मात्र एक भिंग घ्या आणि नाण्यावरील साल नीट पाहा.

सालाखाली चौकट किंवा हिऱ्याच्या आकाराची खूण असेल, तर नाणे मुंबईच्या टाकसाळीतले. तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. काहीच खूण नसेल, तर नाणे कोलकात्याचे. मावळ मुंबईला जवळ, म्हणून येथे मुंबईची नाणी अधिक असतील का? शंभर नाणी मोजा आणि स्वतःच उत्तर काढा.

मोजता मोजता एखाद्या नाण्यावर अक्षरे जोडीने उमटलेली दिसतील. असे का होते?

नाणे पाडताना कोरी चकती दोन खोलगट साच्यांमध्ये दाबतात. हे साचे उठावदार पोलादी ठशाने तयार करतात. जुन्या पद्धतीत ठसा एकदा दाबला की साच्याचे पोलाद कठीण होई. ते तापवून मऊ करून ठसा पुन्हा दाबावा लागे. दुसऱ्या वेळी ठसा किंचित फिरला, तर साच्यात दोन चित्रे कोरली जात. मग त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच जोड अक्षरे!

ठसा मध्याभोवती एक अंश फिरला, तर मध्यापासून ११ मिलीमीटरवरचे अक्षर सुमारे ०.२ मिलीमीटर सरकते. मध्याजवळचे मात्र जवळजवळ जागच्या जागीच राहते. म्हणून शोध कडेपासून सुरू करावा.

हे घरीही करून पाहता येते. शाडूच्या मातीवर नाणे दाबा, उचला, थोडे फिरवून पुन्हा हलकेच दाबा. माती वाळल्यावर त्यात कणकेचा गोळा दाबून काढा. कणकेवर अक्षरांची जोडी दिसेल.

पण घाई करू नका! पुष्कळदा साचा निर्दोष असतो, फक्त नाणे पाडताना तो यंत्रात सैल असल्याने किंचित हलतो. तेव्हा अक्षराची कड घासली जाऊन तिथे सपाट पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक होते. खऱ्या दुहेरी साच्यात दोन्ही अक्षरे गोलसर व उठावदार असतात, त्यांच्या टोकांशी खाच दिसते. आणखी एक कसोटी आहे. बँकेतून नव्या नाण्यांची थैली मिळाली, तर तीत एकाच साच्यातली अनेक नाणी असू शकतात. तोच दोष त्याच जागी, तितकाच, दुसऱ्या नाण्यावरही आढळला, तर दोष साच्यात आहे असे समजण्यास आधार मिळतो. प्रत्येक नाण्यावर तो वेगळा असेल, तर यंत्राच्या हालचालीचा संशय घ्यावा.

अमेरिकेत १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतून अशी एक सेंटची हजारो नाणी बाहेर पडली. त्यांवरचे साल व अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. आज संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. पुढे तेथे साचा एकाच दाबात तयार करण्याची पद्धत आली, तरीही लहानसहान दुहेरी दोष पूर्णपणे थांबले नाहीत.

अशा गोष्टी ऐकून कोणी म्हणेल, ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भरा.’ सावध राहा. जुनी नाणी व नोटा विकत घेण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना इशारा दिला होता. बँक असे व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी शुल्कही मागत नाही.

मग हा शोध कशासाठी? शंभरांतल्या नव्याण्णव नाण्यांवर काहीच सापडणार नाही. कदाचित शंभराव्यावरही नाही. तरी वहीत साल, खूण आणि दोषाची जागा लिहून ठेवा. ‘हा दुहेरी साचा नव्हे’ असे पुराव्यासह लिहिता आले, तर तेही उत्तरच आहे. आणि ते लिहिणारी नजर तुमची स्वतःची असेल.