दवाखान्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. दवाखान्याच्या पायरीविषयी असा उपदेश मात्र कोणी केलेला नाही. ती ज्याला त्याला कधी ना कधी चढावीच लागते. मग ज्यांना पायरीच चढता येत नाही, त्यांनी काय करावे?

हा प्रश्न आमच्यापुढे टाकला तो आमच्या आत्याने. इंदूरच्या जुन्या वस्तीतल्या एका वाड्यात तिचे सारे आयुष्य गेले. दोन वर्षांची असताना तापाचे निमित्त झाले आणि दोन्ही पाय लुळे पडले. पोलिओची पहिली लस १९५५ साली निघाली खरी, पण ती आमच्या गल्लीपर्यंत यायला फार वर्षे लागली. पुढे २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा आत्या हातमशीनवर बसल्या बसल्या म्हणाली, “रोग गेला, बरे झाले. पण आम्ही अजून आहोत हो!”

काही वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ आली. जवळजवळ वर्षभर तिने ती कोणाला सांगितली नाही. कारण विचारले तर म्हणाली, “चौघांनी मला खुर्चीसकट उचलायचे, रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची, तुमचा रोज बुडायचा. दुखत तर नव्हते!” अखेर दवाखान्यात नेले. दारातच पाच पायऱ्या. आत वजनाचा काटा उभे राहणाराच्या सोयीचा, म्हणून वजन अंदाजाने लिहिले गेले. तपासणीचे टेबल कमरेपेक्षा उंच. छातीचे चित्र घेण्याच्या यंत्रापुढे उभे राहावे लागे. ते जमेना म्हणून काम दुसऱ्या दिवसावर गेले. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण त्यांनी आम्हालाच विचारले, “माताजी को क्या तकलीफ है?” आत्या चटकन म्हणाली, “डॉक्टरसाहब, पैर गए हैं, जबान नहीं!”

शस्त्रक्रिया झाली, आत्या वाचली. परंतु गाठ लहान असताना जे थोडक्यात भागले असते, त्यासाठी मोठा घाव सोसावा लागला. दोष एकट्या रोगाचा नव्हता. काही त्या पाच पायऱ्यांचाही होता.

ही एका घरची कहाणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे दर सहांत एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. त्यांच्यापैकी काहींचे आयुष्य इतरांपेक्षा वीस वर्षांपर्यंत कमी भरते. मधुमेह, पक्षाघात, दमा, खिन्नता या व्याधींचा धोका त्यांना दुप्पट असतो. अपंगत्व हेच या अकाली मरणाचे एकमेव कारण, असे समजणे चूक ठरेल. गरिबी, प्रवासाची अडचण, उशिरा झालेले निदान आणि ‘यांचे असेच चालायचे’ ही आपली समजूत, यांचा त्यात मोठा वाटा आहे. बहिऱ्या रुग्णाला डॉक्टरांचे बोलणे कळत नाही. आंधळ्याच्या हाती दोन सारख्या बाटल्या दिल्या जातात. मंदबुद्धी मुलाचे पोट दुखते, तेव्हा त्याच्या रडण्याला हट्ट म्हणतात.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत अशा २ कोटी ६८ लाख माणसांची नोंद झाली. कायदा त्यांच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्याचे पंचविसावे कलम तर स्पष्टच आहे: सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाच्या प्रत्येक भागात विनाअडथळा प्रवेश असावा आणि तपासणी-उपचारांत या रुग्णांना अग्रक्रम मिळावा. कायद्याची शाई केव्हाच वाळली. पायऱ्या मात्र पुष्कळ ठिकाणी तशाच आहेत.

त्या काढायला लाखांचा खर्च हवा असे नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, एवढा साधा हिशेब आहे. खुर्चीसह वजन घेणारा काटा, खाली-वर होणारे एक टेबल, खुणांची भाषा जाणणारा एखादा माणूस, आणि रुग्णाकडे पाहून रुग्णालाच विचारलेला प्रश्न. शेवटच्या गोष्टीला तर छदामही पडत नाही. शिवाय हा उतार गरोदर बाईच्याही कामाचा, गुडघे धरलेल्या आजोबांच्याही. आज धडधाकट असलेले आपण सारे उद्याचे त्याचेच वाटसरू आहोत.

मागच्या तपासणीला आम्ही आत्याला घराजवळच्या एका लहानशा दवाखान्यात घेऊन गेलो. दाराशी सिमेंटचा उतार होता. आम्ही पुढे सरसावताच तिने हातानेच थांबवले आणि चाके स्वतः फिरवीत ती आत गेली. घरी परतल्यावर कोणीतरी विचारले, “आत्याला नेले होते का आज?” ती म्हणाली, “आजवर मला नेत होते. आज मी गेले.”