झाडावरचे घर : कारागिरांना नवे काम

शहरातला माणूस आता जंगलात मुक्कामाला जातो आणि त्याचे पैसेही मोजतो. आपल्याच जिल्ह्यात भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजव्यांसाठी तंबू लागतात. 2020 साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शिर्डीचा प्रवासी शेजारीच असल्याने राहात्याच्या पेरूबागांतही, बांधावरच्या चिंच-आंब्याच्या आधाराने, अशी घरे उभी राहू शकतात.

यात आपल्या सुतार, वेल्डर, गादीवाले, ताडपत्रीवाले बांधवांना काम आहे. मात्र झाड दरवर्षी जाड होते. बुंध्याला तार आवळली तर सालीतून मुळांकडे अन्नरस उतरत नाही व झाड वाळते. म्हणून भार खांबांवर घ्यावा, बुंध्याभोवती जागा सोडावी. बांबू बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवावा, नाहीतर कीड पोखरते.

हंगाम थोडा, उधारी मोठी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह बकरा, आयत 282). 2006 च्या कायद्याने उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारागिराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत देणे बंधनकारक आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण नाही; त्याने आगाऊ रक्कम घ्यावी. नोंदणी मोफत आहे. आम्ही इतकेच सुचवतो, की आधी कागद करावा, मग करवत उचलावी.