तटाच्या आतलं गाव

अलिबागहून मुरुडकडे निघालं की सतरा-अठरा किलोमीटरवर चौल आणि त्याला खेटून रेवदंडा लागतं. काशिदच्या किनाऱ्याच्या ओढीनं बहुतेक गाड्या इथून न थांबता जातात. तुम्ही मात्र चौलच्या रामेश्वर मंदिरापाशी उतरा आणि पुढचं अंतर पायी तोडा.

मंदिरासमोर मोठी पोखरण आहे. आत पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची इथली जुनी रीत. तिथून रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये शिरतो. भर दुपारीही इथे सावली असते, पायांखाली झावळ्या करकरतात आणि अंगणात सुपारी वाळत पडलेली दिसते.

या शांत आगरात एके काळी जगभरची गलबतं लागत होती, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. अरबांचं ‘सैमूर’ ते हेच चौल, असं अभ्यासक मानतात. इ.स. 915-16च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसुदी इथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या आणि इथेच नांदणाऱ्या मुसलमानांची संख्या त्यानं सुमारे दहा हजार सांगितली आहे. पुढे पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी होर्मुझहून विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला. धर्म बदललास तरच परत देईन, म्हणाला. अखेर धर्म न सोडता निकितिनला घोडा परत मिळाला. हे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या जवळपास तीस वर्षं आधीचं. रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे, ते आवर्जून पाहा.

रेवदंडा येतं ते तटातून. एरवी किल्ला गावाबाहेर असतो. इथे गावच किल्ल्यात आहे. मार्च 1508मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आणि इजिप्तचं आरमार भिडलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा त्यात मारला गेला. तरी काही वर्षांत निजामशाहीच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी इथे वखार आणि कोट उभारला. 1570-71मध्ये मुर्तझा निजामशहानं वेढा घातला, पण कोट पडला नाही. मराठ्यांकडे तो आला 1740मध्ये.

आज त्याच तटाच्या आत लोकांची घरं, विहिरी आणि वाड्या आहेत. दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह अजून दिसतं. ‘सातखणी’ म्हणतात त्या मनोऱ्याचे सगळे मजले आता उरलेले नाहीत, पण माडांच्या वर निघालेला तो उंच, पोकळ मनोरा पाहिला की माणूस थबकतोच. कोटातल्या जुन्या चर्चच्या भिंतींत वडा-पिंपळाची मुळं शिरली आहेत. ती वेळीच काढली नाहीत, तर दगड एकेक करून निखळणार. याचं मला फार वाईट वाटतं.

गावात बेने इस्रायलींचं सिनेगॉगही आहे. हे मराठी बोलणारे ज्यू पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. चेऊलकर हे त्यांच्यातलं एक आडनाव, याच चौलवरून पडलेलं.

शेवटी समुद्रावर या. वाळू काळसर आहे. डावीकडे कुंडलिकेचं मुख, आणि पलीकडे पाण्यात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला. उन्हं उतरताना मच्छीमार होड्या खाडीत परततात, तेव्हा इथून हलावंसं वाटत नाही.

जमलं तर साळावच्या पुलावरून कोर्लईपर्यंत जाच. पोर्तुगीज गेल्यावर मागे राहिलेली ख्रिस्ती कुटुंबं त्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसली. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली त्यांची बोली आहे, तिला ही कुटुंबं ‘नॉ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज अंमल संपून पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली; ती बोली कोर्लईतल्या घरांत अजून बोलली जाते.