मर्जी आणि कायदा

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. वडील रामजी सकपाळ इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार, आजोबा मालोजीही फौजेतलेच. खुद्द बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, १८९१चा. पण त्याच दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. निर्णय गोऱ्या साहेबांचा. त्यांना जाब विचारू शकेल असा लोकांनी निवडून दिलेला माणूस तेव्हा कुठे होता?

याच घरातला मुलगा पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. कलम ५३ प्रमाणे संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि ते कसं वापरायचं हे कायद्याने ठरतं. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात. मला दुसरा जास्त वजनदार वाटतो.

इंग्रजी अमदानीत सरसेनापतीचा मान व्हाइसरॉयच्या खालोखाल. दिल्लीतला त्याचा प्रशस्त बंगला स्वातंत्र्यानंतर नेहरूंचं निवासस्थान झाला. तेच तीन मूर्ती भवन. १९५५मध्ये 'कमांडर-इन-चीफ' हे पदनामही गेलं.

बाबासाहेबांचं लष्कराशी वैर नव्हतं. १९४१मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमागे त्यांचा पाठपुरावा होता. तरी १९५१मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी हिशेब मांडलाच: साडेतीनशे कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात. दोष मात्र त्यांनी सेनापतींना दिला नाही, सरकारच्या परराष्ट्र धोरणाला दिला.

खटके उडायचे ते उडालेच. १९५९मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्यावर लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि वर संसदेत त्यांनाच कानपिचक्या दिल्या. चीनकडून मार खाल्ल्यावर मेनन गेले, मुंबईहून यशवंतराव चव्हाण आले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबला पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि सेनाधिकाऱ्यांनी विमानं मागितली. चव्हाणांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता होकार दिला. जबाबदारी मंत्र्याने अंगावर घ्यायची, लढाई सेनापतीने लढायची, हे तेव्हा दोघांनाही उमगलेलं होतं.

१९९८चं प्रकरण याच्या अगदी उलट. मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीने व्हाइस अॅडमिरल हरिंदर सिंग यांना नौदलाचं उपप्रमुखपद दिलं. नौदलप्रमुख विष्णू भागवत यांनी कायद्यावर बोट ठेवलं आणि हा आदेश अमलात आणता येणार नाही, असं कळवलं. संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, एकेकाळी मुंबई बंद करून दाखवणारे कामगार पुढारी. ३० डिसेंबरला सरकारने राष्ट्रपतींच्या मर्जीचा आधार घेत भागवतांना बडतर्फ केलं. स्वतंत्र भारतात सेनादलाच्या प्रमुखावर ही पाळी पहिल्यांदाच आली. निवडून आलेल्या सरकारला तो अधिकार आहे, यात वाद नाही. पण अॅडमिरल कायदा दाखवत असताना मर्जीचं हत्यार काढावं लागलं, हे मला तरी सरकारच्या ताकदीचं लक्षण वाटत नाही. भागवतांनीही ताणायचं तेवढं ताणलं होतंच.

गंमत पुढे आहे. एकही जहाज बंदरातून हललं नाही. भांडण गेलं लोकसभेत. वाजपेयी सरकारला टेकू देणाऱ्या जयललितांच्या मागण्यांत भागवतांना परत घ्या आणि फर्नांडिसांना हलवा, याही होत्या. त्यांनी पाठिंबा काढला आणि १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा मतांनी सरकार पडलं. भागवत काही परत आले नाहीत. निवडणुकीनंतर संरक्षण खातं पुन्हा फर्नांडिसांकडेच आलं.