मेंदी रंगेपर्यंत

पहाटे साडेपाच

मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि आम्ही सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतो, पण मेंदीला हाच उन्हाळा मानवतो. डिसेंबरात मी मेंदी रात्रीच भिजवते, कारण गारठ्यात तिचा रंग सुटायला सगळी रात्र जाते. सध्या पहाटे भिजवली की दुपारपर्यंत तयार.

आज दोघी यायच्या आहेत. एक आमच्या पंचवटीतल्याच निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी गल्ली बाई म्हणते. डोकं पांढरं शुभ्र. दुसरी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला असलेली मुलगी, काळ्याभोर केसांची, आज सुट्टी काढलेली. दोघींनाही लालच हवंय.

मेंदी सोजतची. राजस्थानात पाली जिल्ह्यातलं हे गाव मेंदीसाठीच ओळखलं जातं. २०२१ साली तिथल्या मेंदीला भौगोलिक मानांकन मिळालं. गाव कुठलंही असो, पाकीट उलटून घटक वाचायचे. मेंदीच्या पानांची पूड, बस, एवढंच लिहिलेलं हवं. 'काळी मेंदी' म्हणून जे विकतात त्यात बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची अ‍ॅलर्जी उठली तर कपाळ, पापण्या सुजतात, कातडीवर फोड येतात. ती पाकिटं मी घरात येऊ देत नाही.

पूड जुन्या ओढणीतून चाळून घेते, नाहीतर पानांच्या शिरा केसांत अडकून बसतात. मग स्टीलचं पातेलं, कोमट पाणी, त्यात लिंबाचा थोडा रस. लोखंडी कढई नाही. आमच्या आज्यांनी कढईत मेंदी भिजवली ती बरोबरच होती, कारण त्यांना काळपट रंग हवा होता. लोखंड उतरलं की लाली तपकिरीकडे झुकते. ज्याला लाल हवा त्यानं कढई भाजीलाच ठेवावी.

सात

नळाला पाणी आलंय. दोन टब, बादल्या, पिंप, सगळं भरून घेते. मेंदी धुवायला किती पाणी लागतं हे पहिल्यांदा लावणाऱ्याला कळतच नाही, आणि उन्हाळ्यात गंगापूर धरणाची पातळी पेपरात वाचून आम्ही पाणी जपूनच वापरतो.

साडेआठ

दोघींना फोन. केस धुऊन, कोरडे करून या. तेलाचा थेंब नको. तेल लावलेल्या केसावर मेंदी नीट धरत नाही. मुलीनं काल कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलेली मेंदी दाखवायला फोटो पाठवलाय. खाज नाही, पुरळ नाही. मग ये.

बाई विचारतात, "अगं, दही घातलंस का? आणि आवळा? थोडा कात?"

या तीन वस्तूंशी माझं जुनं भांडण आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते प्रथिनाला जाऊन चिकटतं. केस म्हणजे प्रथिनच, केरॅटिन. पण दह्यातही प्रथिन आहे, अंड्यातही. भांड्यातच रंगाचा वाटा ते घेऊन टाकतं आणि उरलेला केसाला मिळतो. कातानं तपकिरी येतो, आवळ्यानं लाली मंदावते. बिटाचा रस तर पहिल्याच धुण्यात वाहून जातो. मंजिष्ठेचा रंग अस्सल लाल, पण कापडावर तो बसवायला तुरटी लागते. केसावर नुसती टिकत नाही. म्हणून बाई, मेंदी, पाणी, लिंबू. एवढंच.

पावणेबारा

कडेची मेंदी वरून तपकिरी झालीय, आतून हिरवी. तळहातावर चिमूटभर ठेवते. पाच मिनिटांत केशरी डाग. रंग सुटला.

बाईंच्या कपाळाला, कानांना खोबरेल तेल चोळते, तेवढ्याच कातडीवर. मान वर्तमानपत्रानं झाकते, हातमोजे चढवते. मागून सुरुवात करायची, बारीक बारीक भांग पाडत, मुळापासून टोकाकडे. मेंदी श्रीखंडाइतकी घट्ट हवी; पातळ झाली की मानेवरून ओघळते. हात राखून लावू नये. खांद्यापर्यंतच्या केसांना शंभर ते दीडशे ग्रॅम पूड मोजूनच घेते.

बाई लावता लावता सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी बंगल्यांना मेंदीचं कुंपण असायचं, पानं ओरबाडून आणायची आणि पाट्यावर वाटायची. त्याच झुडपाच्या फुलांचं हिना अत्तर होतं.

एक

दोघींच्या डोक्यांवर प्लास्टिकची टोपी, वरून जुना टॉवेल. उन्हात बसून मेंदी खडखडीत वाळवायची रीत आहे, ती मला पटत नाही. वाळली की रंग केसात उतरायचा थांबतो. ओली राहिली तर तीन-चार तास ती काम करते. ओल्या डोक्याला गार वाटतं, म्हणून सर्दीच्या माणसाला मी थंडीत बसवत नाही.

मुलगी आरशात बघते. "ताई, माझे केस लालभडक होतील ना?"

तिला खोटं कसं सांगू. मेंदी काळा रंग काढत नाही, त्याच्यावर चढते. तुझ्या केसांत उन्हात तांबूस झाक दिसेल, चमक येईल. भडक लाल हवा असेल तर आधी ब्लीच लागेल, ते मी करत नाही. पुन्हापुन्हा लावत गेलीस तर थर चढत जाईल आणि लाली गडद होईल. या घरच्या रंगात खोली येते ती अशी, लावण्यांमागून लावण्या होऊन.

बाईंचं वेगळं. पांढऱ्या केसावर मध्ये काहीच येत नाही, रंग थेट दिसतो. मला तो फार आवडतो. पांढरे केस लपवायचे म्हणून काळा हवा असेल तर वर निळीच्या पानांचा लेप द्यावा लागतो, आणि मुळं वाढली की पुन्हा तोच उद्योग. लाल केसांच्या बाईनं वय लपवलेलं नसतं. तिनं रंग निवडलेला असतो.

साडेचार

धुणं. आधी डोकं टबात बुडवून हलवायचं, मोठा गाळ तिथंच सुटतो. मग तांब्यानं पाणी, थोडं कंडिशनर, पुन्हा पाणी. शाम्पू आज नाही, उद्याही नाही. टबातलं पाणी मी अंगणातल्या कुंड्यांना घालते.

टॉवेलनं टिपल्यावर बाईंचे केस गाजरासारखे केशरी. मुलगी गप्पच झाली. बाई मात्र हसत घरी गेल्या. त्यांची ही पहिली वेळ नव्हे.

रात्री नऊ

उरलेली मेंदी चपटी करून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलीय, रंग टिकतो. मोरीच्या फरशीवरचे डाग घासून काढतेय तोवर मुलीचा फोन.

"ताई, कानामागचे थोडे पांढरे होते ना, ते अगदी केशरी दिसतायत."

"हवा लागू दे. रंग अजून पिकतोय. उशीवर जुना अभ्रा घाल, तेल लावू नकोस, आणि परवा सकाळी उन्हात बघून मला सांग."