वॉरंटी डिस्कची, प्रोजेक्टची नव्हे!
हार्ड डिस्क टक-टक करू लागली की विंगमध्ये पहिला प्रश्न, "वॉरंटी आहे ना?" आहे हो, पण आतल्या प्रोजेक्टची नाही!

गूगलच्या २००७ सालच्या अभ्यासात लाखाहून जास्त डिस्क होत्या. बंद पडलेल्यांपैकी बऱ्याच डिस्कनी 'स्मार्ट'च्या मुख्य आकड्यांत आधी काहीच इशारा दिला नव्हता. पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क मात्र ६० दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पट! तेव्हा एरर दिसली की आधी कॉपी, मग दुकान.

नवी डिस्क आणली की त्याच रात्री पूर्ण स्कॅन लावा, असं मी सगळ्यांच्या मागे लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, ती लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबरही लिहून मागा.