बॉनेटच्या खाली (लेखांक १४) : निसरडं, पण नेमकं किती?

इंधन भाववाढीच्या बातमीत पुष्कळदा शेवटी एक ओळ असते: 'एटीएफही महागलं.' ते एटीएफ म्हणजे विमानाचं इंधन. आपलं आजचं एटीएफ निराळं. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं, बहुधा लाल रंगाचं तेल. पूर्ण नाव ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. विमानाच्या एटीएफची निदान बातमी तरी होते. गाडीतलं एटीएफ बिचारं गाडी विकेपर्यंत मालकाच्या नजरेलाही पडत नाही.

मागच्या लेखांकात टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, डीसीटी आणि एएमटी या ऑटोमॅटिकच्या चार जाती आपण पाहिल्या. आज त्यांच्या पोटातल्या तेलाकडे वळू. कोणतं घालायचं, कधी बदलायचं आणि बदलताना कशावर नजर ठेवायची, एवढ्या तीन प्रश्नांपुरता हा लेख.

एक तेल, पाच कामं

इंजिन ऑईलचं मुख्य काम वंगणाचं. एटीएफच्या वाट्याला आलेल्या कामांत वंगण हे त्यातल्या त्यात सोपं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे जाते ती याच तेलातून. एका बाजूचं पात्यांचं चाक तेल भिरकावतं आणि त्या माऱ्याने समोरचं चाक फिरू लागतं. पुढे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा, आत गल्लीबोळ कोरलेला एक धातूचा ठोकळा असतो. त्यातून फिरणाऱ्या तेलाच्या दाबानेच कोणता क्लच आवळला जाणार आणि कोणता सुटणार हे ठरतं. क्लचची उष्णता उचलून कूलरपर्यंत नेणं, हेही त्याच्याच माथी.

याशिवायचं काम सगळ्यांत नाजूक. गिअर बदलताना पातळ अस्तर लावलेल्या चकत्या, तेलात भिजलेल्या असतानाच, पोलादी चकत्यांवर आवळल्या जातात. त्यांनी आधी जरा घसरायचं आणि मग घट्ट धरायचं. तेल फार निसरडं असेल तर चकत्या घसरतच राहतात आणि जळतात. पुरेसं निसरडं नसेल तर गिअर धक्क्याने पडतो, किंवा गाडी बारीक खडीवरून चालल्यासारखी थरथरते. तालमीतली लाल माती आठवा. पाठ टेकली तर लागू नये म्हणून तीत तेल, ताक घालून ती मऊ ठेवायची, आणि घामाने निसटणारी पकड पक्की व्हावी म्हणून तीच माती अंगाला चोळायची. माती एकच, तिच्याकडून अपेक्षा मात्र दोन उलट्या. एटीएफचंही तसंच आहे.

हा नेमका निसरडेपणा साधण्यासाठी तेलात जे घटक घालतात त्यांना फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९४९ मध्ये त्याच कंपनीने 'टाइप ए' हे एटीएफचं मानक ठरवलं आणि १९६७ मध्ये 'डेक्सरॉन'. त्या काळात एटीएफमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर म्हणून चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला, १९७३ मध्ये त्यांच्या रक्षणाचा कायदा आणखी कडक झाला, आणि तेल कंपन्यांना प्रयोगशाळेत पर्याय शोधावे लागले. दुसरीकडे फोर्डचं 'टाइप एफ' मुद्दाम मॉडिफायरविना बनवलेलं होतं, कारण त्यांच्या क्लचना पटकन धरणारं तेल हवं होतं. दोन्ही एटीएफ, दोन्ही लालच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नसे. लाल हा वरून मिसळलेला रंग. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे कळावं, एवढाच त्याचा उपयोग.

जात तशी बाटली

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत खरंखुरं एटीएफ लागतं, पण त्यातही पिढ्या आहेत. २००५ मध्ये आलेलं डेक्सरॉन-६ हे आधीच्या डेक्सरॉन-३ पेक्षा पातळ आहे. टोयोटाच्या जुन्या गिअरबॉक्सना टी-फोर लागायचं, नव्यांना डब्ल्यूएस लागतं. ह्युंदाई आणि किआमध्ये एसपी-थ्री आणि एसपी-फोर अशी नावं आहेत. आकडा एकाने पुढचा, म्हणून तेल एकाने चांगलं, असा हिशोब इथे करायचा नाही. गिअरबॉक्स ज्या तेलासाठी बनला आहे तेच घालायचं.

सीव्हीटीमध्ये दोन पुलींच्या मधे पोलादी पट्टा फिरतो. पोलाद पोलादाला धरतं, आणि तेही तेलाच्या थरातून. म्हणून तिथलं तेल वंगण करतानाच धातूची पकड टिकवणारं लागतं. होंडाचं एचसीएफ-२, निस्सानचं एनएस-३ ही या घराण्यातली. त्यांच्या जागी साधं एटीएफ पडलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि पुढचा खर्च तेलाचा राहत नाही, गिअरबॉक्सचा होतो.

डीसीटीमध्ये दोन पोटजाती. क्लच तेलात बुडालेले असतील तर खास डीसीटीचं तेल लागतं. फोक्सवॅगन आपल्या डीसीटीला डीएसजी म्हणते. तिच्या अशा सहा गिअरच्या डीएसजीत ते दर ६०,००० किलोमीटरला बदलायला सांगितलं आहे. कोरड्या क्लचच्या डीसीटीत दातेऱ्यांचं तेल वेगळं आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं वेगळं. 'महाग तेल घाला, सिंथेटिक घाला, बिघडणार काहीच नाही,' असं कुणी म्हणालं तर एक प्रसंग सांगावा. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून साधं खनिज तेल घालायचं जाहीर केलं. उष्ण आणि दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता.

राहिला एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हा क्लचच्या पेडलविना गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण एएमटी म्हणजे मुळात हाताने गिअर टाकायचाच गिअरबॉक्स, फक्त हाताच्या जागी यंत्र. त्यात नेहमीचं गिअर ऑईलच पडतं. शिवाय काही गाड्यांत हे यंत्र चालवणाऱ्या तेलाची एक छोटी टाकी असते. दोघांची गल्लत करायची नाही, आणि गाडीवर 'ऑटोमॅटिक' लिहिलंय म्हणून लाल तेल तर मुळीच घालायचं नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या सीव्हीटीचं असंच झालं. तेल जरा कमी आहे म्हणून एका गॅरेजने अर्धा लिटर लाल एटीएफ वरून घातलं. डबा नामांकित कंपनीचा, तेल अस्सल, बिलही रीतसर. आठवड्याभरात सिग्नलवरून निघताना गाडी थरथरू लागली. काका वेळेवर सावध झाले. तेल दोनदा काढून योग्य ते भरलं आणि गिअरबॉक्स वाचला. दोष तेलाच्या दर्जात नव्हता, गाडी चुकली होती.

तेव्हा निवडीचा नियम असा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये, बहुधा शेवटच्या पानांत, तेलांचा तक्ता असतो. तिथलं मानकाचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत गिअरबॉक्स वेगळे असू शकतात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज नको. कंपनीच्याच बाटलीतलं तेल घेतलं तर प्रश्नच मिटला. बाहेरचं घेणार असाल तर लेबलवर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'मान्यताप्राप्त' म्हणजे गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने मंजूर केलेलं. 'वापरण्यास योग्य' हा तेल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा. तो खोटाच असतो असं नाही, पण हमी कोणाची, हे माहीत असावं. आणि 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या डब्यावर तुमच्या मानकाचं नाव नसेल, तर ते तुमच्या गाडीला चालत नाही असंच समजा.

'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं आयुष्य?

कित्येक गाड्यांच्या सर्व्हिसच्या तक्त्यात एटीएफपुढे फक्त 'तपासा' लिहिलेलं असतं, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, 'हे लाइफटाइम तेल आहे, साहेब.' पण बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्याच गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते. ज्याने गिअरबॉक्स बनवला त्याचं ऐकावं, हे बरं.

तेलाचा खरा वैरी उष्णता. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला एटीएफ सुखात असतं. त्यावर दर दहा अंशांना तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थिती' असं एक कलम असतं: थांबत थांबत चालवणं, चढ, धूळ, उन्हाळा, छोट्या फेऱ्या. आता हिंजवडीची संध्याकाळ, मे महिन्यातला नागपूरचा रस्ता, खंबाटकीत मालट्रकच्या मागे रांगत जाणं, हे सगळं आठवून पाहा. ते कलम अपवादासाठी लिहिलंय, आपला तो रोजचा दिवस आहे. म्हणून मॅन्युअलने मुदत दिली असेल तर ती, आणि कठीण परिस्थितीची मुदत वेगळी दिली असेल तर तीच पाळावी. मुदतच दिली नसेल, तर माझं मत असं: शहरात चालणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला ६०,००० आणि सीव्हीटीला ४०,००० ते ५०,००० किलोमीटर.

रंग आणि वास मधल्या काळात बरंच सांगतात. ताजं लाल एटीएफ कोकम सरबतासारखं आरपार दिसतं. तपकिरी झालं तर वय झालंय, काळपट आणि जळका वास असेल तर क्लचने मार खाल्लाय. आणि सरबताची सोलकढी झाली, म्हणजे दुधट गुलाबी दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. रेडिएटरमधला कूलर फुटला की असं होतं, पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यावरही होऊ शकतं. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

रॅम्पवर

गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याच्या सहा गिअरच्या गाडीचं तेल बदलताना मी मुद्दाम उभा राहिलो. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात लावली होती. त्याचं कारण पुढे येईल. मेकॅनिकने आधी भरायच्या भोकाचा बोल्ट सैल करून पाहिला आणि मगच खालच्या ड्रेन बोल्टला पाना लावला. हा क्रम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. खालून तेल गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसला असेल, तर गाडी रॅम्पवरच अडकते.

तेल मापाच्या कॅनमध्ये गोळा केलं: तीन लिटर. मग चेंबर उतरवलं. तळाच्या चुंबकांवर लोण्यासारखा मऊ, काळा लेप होता. मेकॅनिकने तो दोन बोटांत चोळून दाखवला. एवढी झीज सगळ्याच गिअरबॉक्समध्ये होते. बोटांना टोचणारे कण लागले असते तर काळजी होती. फिल्टर आणि गॅस्केट नवं बसवलं, चुंबकं पुसली, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, आणि निघालं होतं तेवढंच, तीन लिटर, भरलं.

आता रात्रभर गाडी ठेवण्याचं कारण. तेल तापलं की फुगतं, म्हणून पातळी ठरावीक तापमानालाच बघायची असते. डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत ती गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून बघत. नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळीचा बोल्ट असतो. बऱ्याच गिअरबॉक्सना ३५ ते ४५ अंशांच्या आसपास, इंजिन चालू ठेवून तो उघडायचा असतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. आपल्याकडे दुपारी गाडी गॅरेजात येते तीच ८० अंशांचं तेल घेऊन. तेव्हा मोजलं तर फुगलेलं तेल जास्त दिसतं, जादा म्हणून काढून टाकलं जातं, आणि थंड झाल्यावर तेच कमी पडतं. मेकॅनिकने स्कॅनर लावला, गिअरचा दांडा प्रत्येक जागी क्षणभर थांबवत फिरवला आणि ४० अंशांना बोल्ट काढला. आधी धार आली, मग तिचा दोरा झाला, मग थेंब. थेंबावर बोल्ट बंद. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर दातेरी ते घुसळून फेस करतात. दोन्हींचा परिणाम एकच, दाब पडतो आणि क्लच घसरतात.

इथे एक हिशोब करायला हवा. गिअरबॉक्सची क्षमता सात लिटर आणि निघालं तीन. उरलेलं चार लिटर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकलेलं. म्हणजे एकदा बदलल्यावरही ५७ टक्के तेल जुनंच. मधे थोडी गाडी चालवून हेच दुसऱ्यांदा केलं की ३३ टक्के आणि तिसऱ्यांदा १९ टक्के जुनं उरतं. यंत्राने दाब देऊन एका दमात सगळं बदलण्याची सोयही असते. पण वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या गिअरबॉक्सवर ती मी वापरणार नाही, कारण तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बोळात अडकू शकतो.

'दीड लाख किलोमीटर झाले, आता तेल बदललं तर गिअरबॉक्स बसेल,' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बहुतेकदा तेल बदलायला येतात तेच गाडी घसरू लागल्यावर. क्लच आधीच जळलेले असतात आणि आळ नव्या तेलावर येतो. गिअर नीट पडत असतील तर अशा गाडीचंही तेल थोडं थोडं करून बदलावं. घसरत असतील तर आधी तपासणी करावी. तेल हे जळलेल्या क्लचवरचं औषध नाही.

काढलेलं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच गेलं पाहिजे. गॅरेज ते कुठे देतं, हे विचारण्यात संकोच नको.

पुढच्या आठवड्यात कूलंट. तोवर एवढंच करा: मॅन्युअल उघडा, तुमच्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या मानकाचं नाव शोधा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. गाडी गॅरेजात देताना ते नाव जॉब कार्डवर उतरवून घ्या. बाटली तुमच्यासमोर उघडली गेली आणि तिच्यावर तेच नाव असलं, की अर्धं काम तिथेच झालं.